उसन्या औषधांवर किती दिवस काढायचे? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात काळा आजार, चागास आणि आफ्रिकेतला झोपेचा आजार या तीन परजीवी रोगांवर दोन पानी लेख आला होता. त्यात शेवटी शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, की या रोगांवरची बहुतेक औषधं मुळात दुसऱ्याच कुठल्यातरी आजारासाठी बनवलेली आहेत. त्या एका वाक्यावरच खूप प्रश्न आले, म्हणून या वेळी सगळं पान त्यालाच देतोय. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : राम राम भाऊ. चागास ब्राझीलकडचा, काळा आजार बिहारचा. आपल्या खान्देशात डेंग्यू, मलेरिया, सिकलसेल यांचंच इतकं पडलंय, मग हे आपण का वाचावं? (एक शिक्षक, अमळनेर)

सर, प्रश्न रास्त आहे. पण हे जंतू वाटतात तितके लांबचे नाहीत. 2004 साली आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा जंतू सापडला. गुराढोरांना, घोड्यांना, उंटांना जो ‘सर्रा’ होतो तो याच जंतूमुळं. माणसाला तो होतच नाही असं तोवर सगळे धरून चालले होते, कारण माणसाच्या रक्तात ॲपोएल-1 नावाचं एक प्रोटीन असतं, ते या जंतूला मारून टाकतं. या माणसाच्या शरीरात ते प्रोटीन जन्मापासून तयारच होत नव्हतं, हे पुढच्या तपासात निघालं. त्याला सुरामिन दिलं, ते जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आणावं लागलं, आणि हे सुरामिन म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत तयार झालेलं औषध. माणूस बरा झाला. गावातल्या लोकांचंही रक्त तपासलं, पण दुसऱ्या कोणाच्या रक्तात जंतू दिसला नाही. तरी विचार करा, 2004 साली महाराष्ट्रातल्या एका पेशंटसाठी जगानं काय काढून दिलं तर पहिल्या महायुद्धाच्या काळातलं इंजेक्शन!

चागासचा जंतू, ट्रिपॅनोसोमा क्रूझी, हा त्याचाच भाऊबंद. 1909 मध्ये ब्राझीलमधल्या लासान्स या रेल्वेच्या गावात कार्लोस चागास या डॉक्टरनं तो शोधला. तिथं मातीच्या घरांच्या भेगांत एक ढेकणासारखा पण मोठा किडा राहतो, रात्री झोपेत तोंडावर चावतो आणि तिथंच घाण करतो, माणूस खाजवतो आणि घाणीतला जंतू जखमेतून आत जातो. पुढं दहा-वीस-तीस वर्षं काहीच नाही. मग साधारण दर तीन पेशंटमागं एकाचं हृदय बिघडतं, हृदय मोठं होतं, ठोके चुकतात, काही जण चालता चालता जातात. आजही जगात साठ-सत्तर लाख लोकांच्या अंगात हा जंतू आहे.

आणि काळा आजार (लांबलेला ताप, घटतं वजन, वाढलेली प्लीहा) पसरवणारी जी वालुमाशी, तिच्या जातीच्या माश्या आपल्याकडं आहेतच. चंडीपुरा व्हायरस हाही वालुमाशीनंच पसरतो, त्याचं नावच मुळी नागपूर जिल्ह्यातल्या चंडीपुरा गावावरून पडलंय, 1965 साली. ही माशी डासापेक्षा बरीच लहान, चावताना आवाज नाही, दिवसा भिंतीच्या भेगेत नाहीतर गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली असते. आपल्या धाब्याच्या घरांत राहिलेल्या माणसाला मी वेगळं काय सांगू.

प्रश्न : सर मी बी.फार्म. थर्ड इयरला आहे. आम्हाला ड्रग डिस्कव्हरी शिकवतात पण सगळी उदाहरणं बीपी नाहीतर कॅन्सरची असतात. परजीवीवरचं नवीन औषध नक्की कसं शोधतात आणि इतकी वर्षं का लागतात? (एक विद्यार्थी, शिरपूर)

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, जरा सविस्तर सांगतो.

लीशमॅनियाला, म्हणजे काळ्या आजाराच्या जंतूला, दोन रूपं असतात हे तुला माहीत असेल. माशीच्या पोटात तो लांबट, शेपटीवाला, पोहणारा असतो, त्याला प्रोमॅस्टिगोट म्हणतात. माणसाच्या अंगात आला की शेपटी टाकून गोल होतो, ॲमॅस्टिगोट. आणि राहतो कुठं, तर मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळून पचवायचं काम ज्या पेशीचं तिच्याच पोटात, जिथं आम्लता एवढी असते की बाकीचे जंतू विरघळून जातात. आता औषधाला तिथवर जायचं तर तीन पडदे ओलांडायचे. पेशीचा एक, आतल्या पिशवीचा दुसरा आणि जंतूचा स्वतःचा तिसरा, शिवाय त्या आम्लात टिकायचं, आणि हे सगळं करताना मॅक्रोफेज मरता कामा नये.

प्रोमॅस्टिगोट वाढवायला सोपे, 25-26 डिग्रीला फ्लास्कमध्ये ठेवले की भराभर वाढतात, म्हणून कमी पैशाच्या लॅबमध्ये टेस्टिंग त्यांच्यावरच होतं. मग ‘अमुक पदार्थानं लीशमॅनिया मेला’ असा पेपर छापून येतो. पण ते रूप माणसाच्या अंगात नसतंच! माझं स्पष्ट मत आहे की ॲमॅस्टिगोटवर, तेही मॅक्रोफेजच्या आत, चाचणी केल्याशिवाय कोणी कशाला ‘औषध’ म्हणू नये. तू पुढं एम.फार्म.ला या विषयात गेलास तर पहिल्या दिवशी गाईडना हेच विचार.

ती चाचणी दिसते कशी ते सांगतो. एका प्लास्टिकच्या प्लेटमध्ये 96 किंवा 384 छोटे खळगे असतात, प्रत्येकात मॅक्रोफेजचा थर, त्यात जंतू सोडायचे, एक दिवस आत शिरू द्यायचे, मग प्रत्येक खळग्यात वेगळा पदार्थ टाकायचा आणि तीन-चार दिवसांनी रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. पेशीचं केंद्रक मोठा निळा गोळा दिसतं आणि आजूबाजूला जंतूंचे बारीक बारीक निळे ठिपके. शंभर पेशींत किती ठिपके उरले ते मोजायचं. पूर्वी हे डोळ्यांनी मोजायचे, माना मोडून जायच्या, आता कॅमेरा आणि सॉफ्टवेअर मोजतं. म्हणून तर स्पेनमध्ये ट्रेस कँटोस इथल्या जीएसके या औषध कंपनीच्या लॅबनं 18 लाख पदार्थ या तीन रोगांच्या जंतूंवर तपासून त्यातले निवडक चांगले 2015 मध्ये जगासमोर खुले केले. नोव्हार्टिस या दुसऱ्या कंपनीच्या लोकांनी 30 लाख पदार्थांतून एक धागा पकडला आणि 2016 मध्ये जीएनएफ-6702 नावाचा रेणू जाहीर केला, जो उंदरांमध्ये तिन्ही जंतूंवर चालला. तो जंतूच्या प्रोटीओसोमला, म्हणजे खराब प्रोटीन मोडून टाकणाऱ्या यंत्रणेला अडकवतो, माणसाच्या प्रोटीओसोमला हात लावत नाही. त्याच घराण्यातला एलएक्सई-408 आता काळ्या आजारासाठी माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलाय. माझं त्याच्यावर बारीक लक्ष आहे आणि मनापासून वाटतं की हा तरी पार पडावा.

पण प्लेटमध्ये मेलं, उंदरात मेलं, म्हणजे माणसात मरेल असं नसतं, आणि याचा सगळ्यात मोठा फटका चागासमध्ये बसला. चागासला आजही दोनच औषधं, बेंझनिडाझोल आणि निफर्टिमॉक्स, दोन्ही 1960-70 च्या दशकातली. साठ-साठ दिवस घ्यायची, अंगावर पुरळ, उलट्या, हातापायाला मुंग्या, बरेच जण मधेच सोडतात. मग पोसाकोनाझोल आलं. हे बुरशीवरचं औषध, बुरशीसारखंच ट्रिपॅनोसोमालाही पडद्यासाठी एर्गोस्टेरॉल नावाचा चरबीसारखा पदार्थ लागतो, माणसाला ते लागत नाही, त्यामुळं कागदावर एकदम चोख. उंदीर बरे झाले. सगळ्यांना वाटलं सापडलं. स्पेनमध्ये पेशंटवर चाचणी झाली, 2014 मध्ये निकाल आला. औषध चालू असताना रक्तात जंतू दिसेना, आणि बंद केल्यावर काही महिन्यांत 80 टक्क्यांहून जास्त लोकांत परत आला. जुनं, त्रासदायक बेंझनिडाझोलच त्याच्यापेक्षा कितीतरी भारी ठरलं.

का झालं असं? जंतूंपैकी काही हृदयाच्या नाहीतर चरबीच्या पेशीत जवळजवळ झोपून राहतात, वाढत नाहीत. वाढणाऱ्याला मारणारं औषध झोपलेल्याला लागत नाही. हे कळल्यावर चाचणीची पद्धतच बदलली. आता औषध देऊन झालं की ते धुऊन काढतात, पेशी पुढं बरेच दिवस तशाच ठेवतात आणि जंतू परत डोकं काढतो का ते बघतात. ही धुण्याची पायरी आधी असती तर एवढी वर्षं आणि पैसा वाचला असता असं आज म्हणता येतं, पण ते अपयश आल्याशिवाय ती पायरी कोणाला सुचणारही नव्हती.

अजून एक घोळ म्हणजे चागासचा पेशंट बरा झाला हे ओळखायचं कसं? अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. पीसीआरमध्ये जंतू नाही दिसला तरी तो आत नाहीच असं नाही. आणि हृदय बिघडतं तीस वर्षांनी, मग चाचणी काय तीस वर्षं चालवायची? 2015 मध्ये एक मोठी चाचणी आली, 2,854 पेशंट, सगळ्यांचं हृदय आधीच बिघडायला लागलेलं. बेंझनिडाझोलनं रक्तातला जंतू कमी झाला पण हृदयाचं बिघडणं थांबलं नाही. म्हणजे औषध द्यायचं तर लवकर, हृदय बिघडायच्या आत, आणि तेव्हा माणसाला काही त्रासच नसतो, तो कशाला दवाखान्यात जाईल? वेळ कुठं जातो ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. त्यातल्या त्यात चांगली बातमी म्हणजे 2021 मध्ये बोलिव्हियातल्या एका चाचणीत साठऐवजी दोन आठवड्यांचा कोर्सही जवळपास तितकाच चालल्याचं दिसलं, त्यावर पुढं काम चालू आहे.

प्रश्न : कोविडच्या दुसऱ्या लाटेत ब्लॅक फंगसच्या पेशंटला आम्ही अँफोटेरिसिन लावायचो. तेच काळ्या आजाराला देतात असं लेखात वाचलं, खरं का? (स्टाफ नर्स, जळगाव)

खरं आहे ताई, तेच. मे 2021 मध्ये त्या इंजेक्शनसाठी आपल्या जिल्ह्यातले लोक नाशिक, औरंगाबाद, सुरत कुठं कुठं फिरले ते तुम्ही जवळून बघितलंय. पिवळी पावडर, डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायची, सलाईनमध्ये टाकली की साका धरतो, हळूहळू सोडायची, थंडी वाजून ताप भरतो म्हणून आधी गोळी द्यायची, किडनीचे रिपोर्ट सारखे बघायचे, हे सगळं तुम्हाला पाठ असेल.

हे औषध 1950 च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं, बुरशीसाठी. ते एर्गोस्टेरॉलला चिकटतं आणि पडद्याला भोकं पाडतं. लीशमॅनियाच्या पडद्यातही एर्गोस्टेरॉलच्या जातीचेच पदार्थ, म्हणून तिथंही चालतं. साधं अँफोटेरिसिन किडनीला जड. मग ते चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बंद करून लायपोसोमल केलं, आणि इथं एक फार सुंदर गोष्ट घडते बघा : शरीरात अशा चरबीच्या गोळ्या गिळतं कोण, तर मॅक्रोफेज. आणि जंतू लपलाय कुठं, तर मॅक्रोफेजमध्येच. औषध आपोआप बरोबर त्याच पत्त्यावर जातं! बिहारमध्ये झालेल्या चाचणीत किलोमागं 10 मिलिग्रॅमचा एकच डोस, एकच दिवस, आणि 95 टक्क्यांहून जास्त पेशंट बरे. 2010 मध्ये ते छापून आलं, 2014 पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात तेच पहिलं औषध आहे. कंपनी ते जागतिक आरोग्य संघटनेमार्फत दान म्हणून देते.

पण हेही उसनंच औषध. शिवाय शिरेतून द्यायचं, कोठा थंड हवा, भरती करायची सोय हवी. आणि एखाद्या देशाचा अख्खा कार्यक्रम एका कंपनीच्या दानावर उभा असणं मला सुरक्षित वाटत नाही. मे 2021 मध्ये एका इंजेक्शनचा तुटवडा पडला की काय होतं ते आपण सगळ्यांनी भोगलंय.

प्रश्न : मेडिकल दुकान आहे माझं. कंपन्या रोज नवीन शुगरची गोळी काढतात, मग या रोगांवर का नाही काढत? फायदा नाही म्हणून? (चाळीसगाव)

भाऊ, एका शब्दात हो. 1975 ते 1999 या पंचवीस वर्षांत जगात 1,393 नवीन औषधं बाजारात आली, त्यातली उष्ण कटिबंधातले रोग आणि टीबी धरून फक्त 16. हा आकडा मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो, पोरं दोनदा विचारतात की सर शून्य राहिलं का.

इफ्लॉर्निथिनचं ऐका. झोपेच्या आजाराचा जंतू मेंदूत गेला की त्या काळी मेलार्सोप्रोल द्यायचे, आर्सेनिकचं संयुग, म्हणजे सोमलच, ते दिल्यावर वीसातला एक पेशंट औषधानंच जायचा. इफ्लॉर्निथिन कितीतरी सुरक्षित होतं. पण गिऱ्हाईक आफ्रिकेतल्या खेड्यातलं, म्हणून 1995 मध्ये कंपनीनं उत्पादन बंद केलं. मग 2000 मध्ये तेच औषध अमेरिकेत बायकांच्या चेहऱ्यावरचे केस कमी करायच्या क्रीममध्ये आलं! त्यावर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि इतरांनी एवढा आवाज उठवला की 2001 मध्ये कंपनीला इंजेक्शन परत बनवून दान द्यायचं कबूल करावं लागलं. माणूस मरत होता तेव्हा परवडत नव्हतं, लव काढायला परवडलं. मला हे कधीच पचलं नाही.

मिल्टेफोसिनही असंच. जर्मनीत कॅन्सरसाठी बनवलेलं, मग कळलं लीशमॅनिया मारतं, बिहारमध्ये चाचणी होऊन 2002 मध्ये भारतात मंजूर झालं, काळ्या आजारावरची पहिली पोटात घ्यायची गोळी. आता अमेरिकेचा एक कायदा आहे 2007 चा, दुर्लक्षित रोगावर औषध मंजूर करून घेतलं की कंपनीला एक व्हाउचर मिळतं, म्हणजे दुसऱ्या एखाद्या औषधाची सरकारी तपासणी लवकर करून घ्यायचा हक्क, आणि ते विकताही येतं. 2014 मध्ये एका कॅनडाच्या कंपनीनं हेच मिल्टेफोसिन, जे आपल्याकडं बारा वर्षं आधीच मंजूर होतं, ते अमेरिकेत मंजूर करून घेतलं आणि व्हाउचर साडेबारा कोटी डॉलरला विकलं. नवीन शोध काहीच नाही, बिहारच्या पेशंटला त्यातला एक रुपया नाही. कायद्याचा हेतू चांगला होता, पण अट घालताना कोणी खेड्यातल्या पेशंटचा विचार केला नाही.

मग उपाय काय? 2003 मध्ये डीएनडीआय ही ना-नफा संस्था निघाली. त्यात डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आहे, ब्राझीलची ओस्वाल्दो क्रूझ संस्था आहे, आणि आपली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हीसुद्धा संस्थापकांत आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ते कंपन्यांची अडगळ उघडून बघतात, विद्यापीठांना जोडतात, चाचण्या स्वतः करतात. जर्मनीतल्या कंपनीनं 1980 च्या दशकात सोडून दिलेलं फेक्सिनिडाझोल त्यांनी धूळ झटकून बाहेर काढलं, 2018 मध्ये युरोपच्या नियामकांनी त्याला हिरवा कंदील दिला, आणि आज झोपेच्या आजाराचे बहुतेक पेशंट दहा दिवस गोळ्या घेऊन बरे होतात, सोमल नाही, शिरेतून काही नाही. तेच फेक्सिनिडाझोल काळ्या आजारावर मात्र चाललं नाही. सुदानमध्ये करून बघितलं, गुण टिकेना, थांबवलं.

आपल्या देशानं हे काम पूर्वी स्वतःच्या बळावर केलंय हेही सांगायला हवं. 1920 च्या सुमारास कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामिन तयार केलं, एका छोट्या खोलीत, वीज नाही, नळ नाही, रात्री रॉकेलचा कंदील. त्या अँटिमनीच्या औषधानं अक्षरशः लाखो जीव वाचवले. पुढं 1990 च्या दशकात बिहारच्या काही भागांत अँटिमनीला जंतू दाद देईना, अर्ध्याहून जास्त पेशंट बरे होईनात. तेव्हा खास याच रोगासाठी शोधलेलं दुसरं सोयीचं औषध हाताशी तयार असायला हवं होतं आणि नव्हतं, कारण मधल्या सत्तर वर्षांत मुद्दाम फारसं कोणी शोधलंच नाही.

प्रश्न : आमच्या सातपुड्यात वैदू लोक तापावर, जखमेवर बरीच झाडपाल्याची औषधं देतात. त्यातून या रोगांवर औषध निघू शकतं का? आणि निघालं तर आमच्या लोकांना काय मिळेल? (धडगाव)

दादा, निघू शकतं. मलेरियाचं आर्टेमिसिनिन असंच निघालं. चीनच्या तू यूयू यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकग्रंथात वाचलं की ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायचा, उकळायचा नाही. त्यावरून त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेनं गुण जातो, मग कमी तापमानात ईथरनं अर्क काढला तेव्हा कुठं औषध हाती आलं. 2015 चं नोबेल त्याला मिळालं. म्हणून वैदूबाबा पानं कधी तोडतात, वाळवतात की ओली वाटतात, हे तपशीलही नावाइतकेच महत्त्वाचे, ते लिहून ठेवले पाहिजेत.

पण सावधही करतो. प्लेटमध्ये जंतू मारणारे अर्क ढिगानं सापडतात, दारुहळदीतलं बर्बेरीन मारतं, हळदीतलं कर्क्युमिन तर जवळजवळ सगळ्याच चाचण्यांत ‘चालतं’ असं दिसतं, कारण ते चाचणीलाच फसवतं, आणि पोटातून रक्तात फारच कमी जातं. त्यामुळं काळा आजार असेल तर काढ्यावर राहायचं नाही, उपचार झाले नाहीत तर हा रोग जवळपास हमखास जीव घेतो.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्यात स्थानिक लोकांना फायद्यातला वाटा द्यायची तरतूद आहे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि नोंदवही असायला हवी. केरळमधल्या काणी आदिवासींच्या माहितीवरून एका वनस्पतीचं औषध बनलं तेव्हा 1990 च्या दशकात परवान्याच्या रकमेतला वाटा त्यांच्या ट्रस्टला मिळाला होता. तुमच्या ग्रामपंचायतीत ती नोंदवही आहे का, असली तर त्यात वैदूंचं ज्ञान त्यांच्या परवानगीनं नोंदवलंय का, हे ग्रामसभेत विचारा. कोणी बाहेरचा माणूस पिशव्या भरून पाला न्यायला आला तर कागद बघितल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : आता एआय आहे, कॉम्प्युटरच औषध शोधून देईल ना? (चोपडा)

मदत करेल. 2011 पासूनच कोलंबियातल्या अँतिओकिया विद्यापीठानं लीशमॅनियासाठी असा प्रकल्प चालवला होता, जगभरच्या लोकांच्या घरचे रिकामे पडलेले कॉम्प्युटर जोडून कुठला रेणू जंतूच्या कुठल्या प्रोटीनमध्ये बसतो ते तपासायचे. पण कॉम्प्युटर यादी लहान करून देतो, एवढंच. त्या यादीतला पदार्थ बनवायला केमिस्ट लागतो, ठिपके मोजायला प्लेट लागते, आणि शेवटी कुठल्यातरी खेड्यातला पेशंट विश्वासानं चाचणीत यावा लागतो.

प्रश्न : माझी जिनिंग आहे. सीझनला बिहारकडची पोरं कामाला असतात. मागं एकाला महिनाभर ताप होता, मलेरिया-टायफॉइडची औषधं झाली, शेवटी गावी गेला. तिथं काळा आजार निघाला म्हणे. आता परत येतोय. बाकीच्यांना धोका आहे का, आणि आम्ही काय लक्षात ठेवायचं? (धरणगाव)

शेठ, आधी हे : तो माणूस उपचार घेऊन बरा झालाय, त्याला कामावर घ्या. शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा रोग होत नाही, माशी चावावी लागते, आणि माशीमार्फत हा रोग पसरतो तो प्रामुख्यानं बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, पूर्व उत्तर प्रदेशच्या दमट भागात. तिथल्या 54 जिल्ह्यांत हा रोग घर करून होता. 1992 मध्ये देशात 77 हजारांवर केसेस होत्या, आता वर्षाला हजाराच्याही आत आल्यात. बांगलादेशनं तर 2023 मध्ये हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेकडून मान्य करून घेतलं.

लक्षात ठेवायचं ते असं. या भागातून आलेल्या माणसाला दोन आठवड्यांहून जास्त ताप, मलेरियाच्या आणि साध्या अँटिबायोटिकनं उतरत नाही, वजन घटतंय, डाव्या बरगडीखाली पोट फुगल्यासारखं लागतंय, म्हणजे प्लीहा वाढलीय, तर डॉक्टरांना तो कुठल्या गावचा आहे हे आपणहून सांगा. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या डोक्यात काळा आजार पटकन येत नाही, यात त्यांचा दोष नाही, इकडं केस दिसतच नाही. आरके-39 नावाची बोटाच्या थेंबावरची टेस्ट असते, दहा-पंधरा मिनिटांत कळतं. पण ज्याला एकदा होऊन गेलाय त्याची ही टेस्ट बरेच दिवस पॉझिटिव्हच राहते, तेव्हा तुमच्या त्या पोराची उगाच परत टेस्ट करून घाबरू नका. त्याला परत ताप आला तर मात्र मोठ्या दवाखान्यातच न्यावं लागेल. जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या ऑफिसला कळवलं तर पुढची सोय ते बघतात, औषध सरकारी कार्यक्रमात मोफत आहे.

आणि एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. बरं झाल्यावर काही महिन्यांनी, कधी दोन-चार वर्षांनी काही जणांच्या अंगावर, तोंडावर फिकट चट्टे नाहीतर गाठी येतात, याला पीकेडीएल म्हणतात. दुखत नाही, खाजत नाही, माणूस धडधाकट असतो आणि काम करत राहतो. लोकांना ते कोड वाटतं नाहीतर कुष्ठरोग. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, याच्यात कळतो. पण त्या चट्ट्यात जिवंत जंतू असतो आणि गावी गेल्यावर माशी तिथूनच तो उचलते. त्यावर मिल्टेफोसिनच्या गोळ्या बारा आठवडे घ्याव्या लागतात. अंगावर काहीच त्रास नसताना बारा आठवडे, तेही मळमळ-उलट्या सोसून. शिवाय गर्भाला अपाय होतो म्हणून बाई असेल तर औषध चालू असताना आणि नंतरही काही महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. एवढ्या दिवसांचं औषध दहा दिवसांवर आणणं हे शोधणाऱ्यांपुढचं सगळ्यात निकडीचं काम आहे असं मला वाटतं. तोवर तुमच्या पोराच्या अंगावर असा चट्टा दिसला तर त्याला कामावरून काढू नका, दवाखान्यात पाठवा आणि त्या दिवसांची हजेरी मांडा, म्हणजे तो औषध मधेच सोडणार नाही.